कानावरून आजा सांगणारे मामा

माणूस ओळखण्याच्या बाबतीत आमच्या मामेसासऱ्यांचा हात धरणारा कुणी अजून जन्माला यायचा आहे. कळंबच्या चौकात बसून, समोरून जाणाऱ्याच्या नुसत्या कानावरून ते त्याचा आजा सांगत. एकदा माझ्या साहेबांना त्यांच्यापुढं उभं केलं, तर नावही न विचारता म्हणाले, "सुप्याकडचं दिसताय. मान वाकडी करून ऐकायची तिकडं एका घराची रीत हाय." साहेब सुप्याचेच निघाले, आणि दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात मान ताठ ठेवून बसू लागले.

अशा माणसाला आधार कार्डाची चीड असणार हे ओघानंच आलं. सगळं गाव कार्ड काढून मोकळं झालं, हे अडून बसले. "वळख तोंडावर असतीया, जावईबापू. ती खिशात कशाला घालायची?" हा वाद मी लग्नाच्या पंगतीत ऐकला, उसाच्या बांधावर ऐकला, एकदा तर कुणाच्या तरी दहाव्याला ऐकला. कार्ड हवंच म्हणणारा मी, नको म्हणणारे ते, आणि दोघांनाही गप्प बसा म्हणणारी माझी बायको. शेवटी शेवटी मी दमलो बुवा.

मग मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि चौकात बसणं सुटलं. बसून करायचं काय, माणसंच दिसेनात. इंदापूरच्या एका दवाखान्यात ऑपरेशन मोफत होतं, पण कार्ड लागणार होतं. तरी मी बारामतीहून गाडी काढून त्यांना तसंच घेऊन गेलो. खिडकीवरच्या मुलीनं कार्ड मागितलं. मामा डोळे किलकिले करून म्हणाले, "कार्ड काय मागतीस, पोरी? तू पिंपळीच्या पैलवानाची नात न्हवं? हनुवटी त्येचीच हाय."

"नाही आजोबा, मी नांदेडची."

मामांचं माणूस कधी चुकलं नव्हतं. ते बाहेर येऊन पायरीवर बसले आणि म्हणाले, "चला, काढू कार्ड." इतक्या वर्षांचा वाद मी जिंकलो होतो, आणि मला अगदी वाईट वाटत होतं.

कार्ड आलं, ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर मामांनी आधी मला न्याहाळलं. "लई वाळलासा," म्हणाले. मग खिशातलं कार्ड काढून पहिल्यांदाच नीट पाहिलं. कार्डावरच्या फोटोत कुणीच धड दिसत नाही, म्हणून मी बोलणी ऐकायच्या तयारीत होतो. मामा मात्र कार्ड जवळ नेत होते, लांब धरत होते.

"ह्यो तर आमचा बा," ते हळूच म्हणाले. "कान बघा की. घरात त्येचा एक बी फोटो न्हवता."

आता ते पुन्हा चौकात बसतात. कार्ड सदऱ्याच्या खिशात असतं, पण मागितलं तर देत नाहीत. मी गेलो की मात्र आपणहून विचारतात, "बा दावू का?" परवाच दाखवलेला असतो. मी हो म्हणतो, आणि पुन्हा बघतो.