सिद्रामअण्णाचं शांत मन

मन शांत करायला चार माणसं एकत्र बसली, की मन राहतं बाजूला आणि किस्सेच गोळा होतात. आमच्या हुलसूरच्या पहाटवर्गाचे तर इतके झालेत, की सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा वर्ग मी सुरू केला. मी रिटायर्ड गणित शिक्षक. ध्यान शिकवणाऱ्या बिदरच्या सरांना फोन करून बोलावलं मी, मंदिरामागचा हॉल झाडून घेतला मी. सर गेल्यावर वर्ग मीच चालवणार, हे मनात धरूनच होतो. आणि तिथं आला सिद्रामअण्णा, आमच्या गल्लीतला कापडदुकानदार!

*

पहिल्या दिवशी सर म्हणाले, "डोळे मिटा. श्वासाकडं बघा."

मी पाठ ताठ करून बसलो. थोड्याच वेळात शेजारून घर्र घर्र सुरू झालं. अण्णा चक्क घोरत होता! मी सरांना खूण केली.

सर हळूच म्हणाले, "बघा, पहिल्याच दिवशी किती खोल गेलेत!"

सगळा हॉल आदरानं अण्णाकडं बघू लागला. माझ्या पायांना मात्र मुंग्या आल्या होत्या.

*

मग आत्मशिस्तीचा आठवडा आला. प्रत्येकानं एक आवडती गोष्ट सोडायची. मी चहा सोडला. डोकं असं ठणकायचं, की दारात आलेल्या पोस्टमनवरसुद्धा खेकसलो.

अण्णानं जाहीर केलं, "मी कारलं सोडलो."

मी ताडकन उठलो. "अण्णा, आवडीचं सोडायचं होतं!"

"आवडीचंच हाय की, गुरुजी. आमच्या घरच्या मालकीणबाईंना लई आवडतंय!"

हॉलभर टाळ्या! माझ्या चहाला एकानंही टाळी वाजवली नव्हती.

*

मौनाचा दिवस नेमका बाजाराच्या दिवशी आला. गिऱ्हाईक भाव पाडून मागायचं, अण्णा नुसता हसून मान हलवायचा. घासाघीस करणार कुणाशी? लोक मुकाट्यानं कापड घेऊन गेले. अण्णाचा धंदा रोजच्यापेक्षा जोरात!

मौन मीही पाळलं होतं, घरी. दुसऱ्या दिवशी तोंड उघडलं तर बायको म्हणाली, "असंच रोज ऱ्हावा की. घर कसं गार वाटायलं होतं!"

*

एकदा सरांनी विचारलं, "जगण्याचं ध्येय काय?"

मी भाषण पाठ करून गेलो होतो. समाज, सेवा, संस्कार, सगळं बोललो. पुढच्या ओळीतल्यांनी जांभया दिल्या. मग अण्णाची पाळी आली.

"सध्या तर नाष्टा, सर. लई भूक लागायलीय."

सगळे खो खो हसले. सर म्हणाले, "याला म्हणतात वर्तमानात जगणं!"

मला इतका राग आला, की त्या दिवशी वर्गानंतरचा नाष्टा न करताच घरी गेलो.

*

शेवटच्या दिवशी सर म्हणाले, "आता वर्ग तुमच्यातल्याच कुणीतरी चालवायचा. ज्याच्यासारखं मन आपलं असावं असं वाटतं, त्याच्या पाठीमागं जाऊन उभं राहा. रांग ज्याची मोठी, वर्ग त्याचा."

मी पाठ ताठ करून उभा राहिलो. एकेक जण उठला आणि अण्णामागं जाऊन उभा राहिला. माझी बायकोसुद्धा वर्गाला यायची. तीही माझ्याकडं न बघता तिकडंच गेली! मी जाग्यावरून हललो नाही. जळून कोळसा झालो होतो, आणि ते तोंडावर दिसतही असणार.

अण्णानं माझ्याकडं बघितलं. आपली जागा सोडून तो सरळ चालत आला आणि माझ्या पाठीमागं उभा राहिला. रांग जरा गोंधळली. मग त्याच्यामागोमाग सगळीच्या सगळी इकडं आली.

सर म्हणाले, "मग ठरलं! वर्ग गुरुजींचा!"

मी मान वळवून दबक्या आवाजात विचारलं, "दया दाखवायलास व्हय रे, अण्णा? कामून आलास इथं?"

अण्णा पहिल्यांदाच हसला नाही.

"दया न्हाई, गुरुजी. तुम्ही केवढं मनापासून जळता! मला आजवर कशासाठीच तसं जळता आलं न्हाई."