पाच जणांचा कबुलीजबाब

कामथडीच्या शाळेत तालीम चालू असताना फोन आला. प्रेत होऊन टेबलावर पडलेल्या सर्जेरावने तो घेतला, उठून बसला आणि म्हणाला, "अण्णा गेलं." आम्हाला वाटलं, नाटकातलंच नवं वाक्य...

अण्णा नसरापूरला सायकली दुरुस्त करायचे आणि दरवर्षी जत्रेसाठी नाटक लिहून बसवायचे. मी त्यांचा कायमचा फौजदार. नाटक ठरलेलं: वेल्ह्याकडे धरणाकाठी एका पुणेकराचा बंगला, दरड पडून रस्ता बंद, आत पाच पाहुणे आणि एक प्रेत. प्रेताला शिंक यायची, संशयितांना भूक लागायची आणि फौजदार खुनाआधी पोह्यांची चौकशी करायचा. दरवेळी खूनच कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. "गावात मानूस मेला तर जाब कुनाला इचारनार? बंगल्यात इचारता येतो," अण्णा म्हणाले, "आन् वर हसत घरी जाता येतं." तेव्हा मला ते पटलं नव्हतं. आता रोज पटतं.

शेवटचा अंक ते जत्रेच्या सकाळीच हातात द्यायचे. यंदाचा कुठेच सापडला नाही, बहुधा लिहिलाच नव्हता. वडीलधारे म्हणाले, या वर्षी राहू द्या. मी हट्टाला पेटलो. नाटक होणार म्हणजे होणार, फक्त खुनी कोण ते कळायला हवं होतं. दहाव्यानंतर पाचही पाहुण्यांनी मला एकेकटं बाजूला घेऊन सांगितलं, "खुनी मीच, हे अण्णांनी फक्त मलाच सांगितलं होतं." लबाड माणूस... सगळ्यांचे चेहरे चोरटे दिसावेत म्हणून केलेली युक्ती. मी हसता हसता रडलो.

मग वहिनींकडे गेलो. अण्णांच्या या पत्नी वर्षानुवर्षं विंगेत उभ्या राहून सगळ्यांना वाक्यं सांगायच्या. तुम्हाला काही बोलले होते का, मी विचारलं.

"व्हय. म्हनले, खून तूच केलास."

"तुम्ही तर नाटकात नाही."

"त्येच म्या इचारलं. नुसतं हसले."

चार संध्याकाळी बसून मी अंक लिहिला. वाक्यं सांगून सांगून वैतागलेली बाई विंगेतून बाहेर येते आणि खून कबूल करते, असा शेवट केला. वहिनींनी वाचला आणि कुठलं लुगडं नेसू, एवढंच विचारलं.

जत्रेत त्या बाहेर आल्या, उजेडात उभ्या राहिल्या आणि वाक्य विसरल्या. सवयीने वळून विंगेकडे पाहिलं, तिथे कोणीच नव्हतं. तेवढ्यात पाचही पाहुणे आपापल्या जागेवरून एकदमच बोलले, "व्हय, खून म्याच केला." सगळी जत्रा हसून लोटपोट झाली. आणि अण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच वहिनीही हसल्या.