पोळ्यातलं मेडल

लग्न होऊन मी नवेगाव बांधजवळच्या त्या गावात आले, तेव्हा देश स्वतंत्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. यांचं मेडल मात्र इंग्रजी अमलातलं. लढाईत हे ब्रह्मदेशावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानात नॅव्हिगेटर होते. नकाशा, घड्याळ आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन विमानाला वाट सांगायची, हे त्यांचं काम. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, त्या मेडलचा कोण अभिमान! यांनी ते लोखंडी पेटीच्या तळाशी टाकलेलं.

का, ते मला एकदाच सांगितलं. विमानाला गोळ्या लागल्या, निम्मी यंत्रं बंद पडली, तरी यांनी ते तळावर आणलं. त्याचंच मेडल. पण वाऱ्याचा अंदाज चुकला आणि विमान सात मिनिटं उशिरा उतरलं. शेपटीकडे बसणारा जखमी गनर तेवढ्यात गेला. सात मिनिटांनी असा काय फरक पडला असता, असं मी म्हणून बसले. हे उठून गोठ्यात निघून गेले. माझी जीभ अशीच.

त्या वर्षी पोळ्याला तहसीलदार येणार होते. मेडल लावूनच, गावचे बैल जमतात त्या तोरणाखाली उभं राहायचं, असं मामाजींचं फर्मान निघालं. पुन्हा विषय काढलात तर ते बांधाच्या तलावात फेकून येईन, असं यांनी सांगितलं. हे बोलले की करतात. बापलेकांचा अबोला सुरू झाला आणि मी दोन-दोनदा ताटं वाढून वैतागले. रागापेक्षा भीतीच जास्त होती. मेडल तलावात गेलं असतं, तर बापलेक पुन्हा एकमेकांशी बोलले नसते.

बैल सजवताना मला आमच्या डाव्या बैलाकडे बघून गेला उन्हाळा आठवला. जंगलातून लाकडं आणताना हे तापानं गाडीतच बेशुद्ध पडले होते. हाकणारं कोणी नाही, तरी या म्हाताऱ्यानं जोडीदाराला ओढत गाडी थेट अंगणात आणली. थोडा उशीर झाला असता तर हातचे गेले असते, असं डॉक्टर म्हणाले होते. मी पेटी उघडली आणि मेडल त्याच्या बाशिंगाला बांधलं.

तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, थांबल्या. तहसीलदारांसमोर मामाजी लाल झाले.

"बैलाले काऊन बांधलं हे?"

मी पदर सावरला. हे गर्दीतून पुढे आले. आता हिसकावून तडक बांधावर जाणार, असं मी धरूनच चालले. त्यांनी मेडलाकडे पाहिलं आणि बैलाच्या मानेवर हात ठेवला.

"राहू द्या बाबूजी," ते म्हणाले. "हा टायमावर पोचला होता."

मामाजींनी पुन्हा कधी विषय काढला नाही. मेडल गोठ्यात, त्या बैलाच्या घुंगरमाळेसोबत खुंटीला राहिलं. बैल गेल्यावरही हे ते दर पोळ्याला स्वतःच्या हातानं पुसत.