घन्यवाद

मराठीतल्या चुकांवर आमच्या गल्लीतल्या आक्कांनी जेवढं प्रेम केलं, तेवढं सगळ्या सीमाभागात कुणी शुद्ध मराठीवरही केलं नसेल. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई चूक दिसली की कपाळाला आठ्या घालेल, असं आपल्याला वाटतं. आक्का चूक दिसली की चष्मा पुसतात आणि हसतात. एकदा त्या भाचीच्या लग्नाला निपाणीहून कोल्हापूरला निघाल्या होत्या. कोगनोळीच्या नाक्यावर गाडी थांबली आणि खिडकीतून एका हॉटेलची पाटी दिसली, 'येथे गरम मजी मिळतील'. आक्का पिशवीसकट उतरल्या, पाटीचा फोटो काढला, दोन प्लेट मजी खाल्ल्या, आणि तोवर गाडी निघून गेली म्हणून मिळेल त्या गाडीनं सरळ घरी परतल्या. लग्न त्यांच्याविना लागलं. मी हटकलं तर मलाच म्हणाल्या, "लगीन मोबाईलवर बी बघता येतंय. असली मजी कुठं मिळत्यात रं?"

हा खटाटोप त्यांच्या पोरांसाठी होता. अक्षर ओळखताना आणि जोडताना ज्यांचं अडतं, अशी चारपाच पोरं रोज दुपारी त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात जमतात. मोठी माणसंसुद्धा किती चुकतात याचे फोटो आक्का त्यांना आधी दाखवतात, पोरं पोट धरून हसतात आणि मग अभ्यास सुरू होतो. बेळगावच्या डॉक्टरांनी या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात असं सांगितलं, तेव्हा आक्का भडकल्या होत्या. "ज्या पोरांना वाचता येत न्हाय, त्यांच्या दुखण्याला असलं जोडाक्षराचं नाव? जरा तरी दया न्हाय!" त्यांच्यासमोर कुणी एखाद्या मुलाला 'ढ' म्हणालं, तर त्या त्याला पाटीवर ढ काढून दाखवायच्या. "हे ढ. अक्षर हाय ते, पोराचं नाव न्हवं."

त्यांची शिकवण्याची तऱ्हा कुठल्याच प्रशिक्षणात बसणारी नाही. लाल शाईला घरात बंदी. घ आणि ध, भ आणि म यांत पोरांची गल्लत होते, म्हणून आक्कांनी प्रत्येक अक्षराचा संसार मांडून ठेवलाय. "घ घराचा, म्हणून त्याला डोक्यावर सगळं छप्पर. ध धुराचा, धूर जायाला छप्पर उघडं. म मडक्याचा, झाकण गच्च. भ भाताचा, झाकण जरा किलकिलं, न्हायतर ऊत येतोय." शिवाय त्या भाजणीच्या पिठाची अक्षरं वळून कडबोळ्यासारखी तळतात. पोरानं डोळे मिटून, बोटांनी चाचपून अक्षर सांगायचं. बरोबर आलं तर ते डब्यात ठेवायचं, चुकलं तर खाऊन टाकायचं. साहजिकच पहिल्या आठवड्यात सगळी पोरं मुद्दाम चुकतात. आक्का निमूट तळत राहतात.

मी हे सगळं गमतीनं बघत होतो, कारण मी कॉलेजात मराठी शिकवतो. पण तिसरीतली माझी सानिका 'घर'ला 'धर' म्हणायला लागली आणि माझी गंमत संपली. मी तिला एक ओळ शंभरदा लिहायला लावली. एकदा हातही उगारला, आणि तो खाली आला. त्याची मला आजही लाज वाटते. शाळेचे हेडमास्तर म्हणाले, दिवाळीच्या सुट्टीनंतर मी स्वतः वाचून घेईन, जमलं नाही तर पुन्हा दुसरीत बसवू. तेव्हापासून सानिकाच्या पोटात रोज सकाळी दुखायला लागलं. शेवटी तिची आई तिला हाताला धरून आक्कांकडे घेऊन गेली. पहिल्या दिवशी सानिकानं अकरा अक्षरं खाल्ली आणि कितीतरी दिवसांनी घरी हसत आली.

सुट्टी संपल्यावर सानिका, आक्का आणि मी असे तिघं हेडमास्तरांच्या खोलीत गेलो. सानिकानं पुस्तकातलं पान बोट ठेवून वाचलं. हळू, अडखळत, पण सगळं. "सावकाश, घाई न्हाय," आक्का मागून पुटपुटत होत्या. सर म्हणाले, "धडा पाठ केला असेल. ही वाच." त्यांनी दाराशेजारच्या रंगवलेल्या पाटीकडे बोट दाखवलं. सानिका वाचू लागली, "पादत्राणे बाहेर काढावीत. घ... घन्यवाद."

"बघा! परत तेच!" सरांनी हात झटकला. मी मान खाली घातली. सानिकाचे डोळे भरून आले, पण ती जागची हलली नाही. म्हणाली, "सर, छप्पर हाय."

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. पेंटरनं खरोखरच 'घन्यवाद' लिहिलं होतं. सर कैक वर्षं त्या पाटीजवळून जात-येत होते. मी, मराठीचा प्राध्यापक, प्रत्येक पालकसभेला ती पाटी वाचून चपला काढत होतो. आम्ही शिकलेली माणसं जे असायला हवं ते वाचत होतो, पोरीनं जे होतं ते वाचलं. आक्कांनी शांतपणे मोबाईल काढून फोटो घेतला. सानिका तिसरीतच राहिली. पाटी त्याच पेंटरनं दुरुस्त केली आणि आता तिच्यावर 'पादत्राने' आहे. आक्कांकडे त्याचाही फोटो आहे.

सानिका आता आठवीत आहे. वाचते अजून सावकाशच. आक्कांची नजर मात्र गेल्या वर्षापासून उतरत चाललीय, आणि बेळगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी यापुढं इलाज नाही म्हणून सांगितलंय. फोटो आता त्यांना दिसत नाहीत. सानिका रोज संध्याकाळी पेपर वाचून दाखवायला जाते. परवा तिला बोलवायला गेलो तर सोप्यात तळणाचा वास होता. सानिकानं स्वतः वळलेलं एक अक्षर आक्कांच्या तळहातावर ठेवलं होतं आणि त्या बोटांनी चाचपत होत्या.

"घ न्हवं का गं?"

"नीट बघा आक्का. घाई न्हाय."

"घच की."

"चुकलं. ध हाय. खावा आता."

आक्का हसल्या आणि ते अक्षर त्यांनी तोंडात टाकलं. त्या मुद्दाम चुकल्या असतील, असं मी तेव्हापासून स्वतःला सांगतोय.