साडूंच्या सहा तारा

गिटार वाजवणारी माणसं जगात लाखो असतील. पण आमच्या मोठ्या साडूंइतकी गिटार लावणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा सापडायचा नाही. साडू अंबरनाथचे, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभा जन्म कारखान्यात फिटर म्हणून गेला आणि निवृत्तीनंतर दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या दुकानातून एक गिटार आणि एक जाडजूड पुस्तक आणलं. पुस्तकात नुसत्या बोटांनी छेडायच्या धुना, आणि गंमत अशी की जवळजवळ प्रत्येक धुनेला तारा निराळ्या सुरांत लावायच्या. दुसरा कोणी असता तर पुस्तक परत करून आला असता. साडू मात्र हरखले. कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते सांगणारे, सहा रेघांवर मांडलेले आकडे त्यांना कारखान्यातल्या ड्रॉइंगसारखे वाटले. "ड्रॉइंग बरोबर असलं की जॉब बरोबरच येतो," ते मला म्हणाले. जॉब म्हणजे मशीनवर घडवायचा सुटा भाग.

कानावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "कान फसवतो, माप फसवत नाही," असं म्हणून त्यांनी सहाही खुंट्यांवर पांढऱ्या रंगाने खुणा केल्या आणि वहीत लिहून ठेवलं: पाचवी तार पाऊण फेरा सैल, पहिली अर्धा. नवी तार ताणली जाते, हवा बदलली की उतरते, हे त्या वहीत कुठेच नव्हतं. त्यामुळे सूर भलताच लागायचा आणि साडू पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे. आलेला पाहुणा पोहे, चहा, सुपारी उरकून चपला शोधू लागला तरी हे चौथ्या तारेवरच. "बसा हो, आता सुरूच करतो!" तारा तर इतक्या तुटायच्या की कॅम्प दोनच्या सिंधी दुकानदाराने एकदा काळजीने विचारलं, "साईं, बजाते हो या कपडे सुखाते हो?" साडू गंभीरपणे म्हणाले, "अभी सेटिंग चालू है."

लेकीचा साखरपुडा बदलापूरच्या हॉलमध्ये ठरला आणि साडूंनी जाहीर केलं, की त्या दिवशी पुस्तकातली एक धून अख्खी वाजवणार. भाची थेट माझ्याकडे आली. "काका, तुम्हीच समजवा ना बाबांना. सासरची माणसं समोर बसलीयेत आणि बाबा अर्धा तास खुंट्या पिळतायत, इमॅजिन करा!"

मी गेलो. म्हटलं, साडू, साधं ट्यूनिंग ठेवून एखादं गाणं वाजवा की, सगळं जग तसंच वाजवतं. साडूंनी डावा हात पुढे केला. मधलं बोट काठीसारखं ताठ. मशीनमध्ये सापडलं होतं. वीस वर्षं त्यांच्या पंगतीला बसलो आणि माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"साध्या ट्यूनिंगला हे बोट लागतं," ते म्हणाले. "तारा आधीच जुळवून घेतल्या की उरलेल्या बोटांत भागतं. बोट ऐकत नाही हो, तारा तरी ऐकतात."

मला माझीच लाज वाटली. जाऊन भाचीला सगळं सांगितलं. बोटाचं तिला लहानपणापासून ठाऊक होतं. त्या पुस्तकाशी त्याचा असा संबंध असेल हे मात्र तिच्याही कधी मनात आलं नव्हतं.

साखरपुड्याला अंगठ्या घालून झाल्या आणि साडूंनी खरोखर अर्धा तास तारा लावल्या. गुरुजींनी दोन जांभया दिल्या, व्याही घड्याळ बघू लागले. मग धून सुरू झाली. संथ होती, दोनदा बोट घसरलं, पण साडू शेवटापर्यंत पोचले. ती संपली हेच कोणाला कळलं नाही, त्यामुळे टाळीसुद्धा पडली नाही. साडू ओशाळून गिटार पिशवीत घालू लागले.

"बाबा, अजून एक," भाची म्हणाली.

"अगं, तिच्या तारा निराळ्या लागतात."

"मग लावा ना. आम्ही थांबतो."

साडू खुंट्यांवर वाकले. खुणा नीट दिसेनात म्हणून त्यांनी चष्मा पुसला, मग डोळेही पुसले. दोन महिन्यांनी पोरगी घर सोडून जाणार होती. आत पानं मांडलेली होती, पुऱ्या गार होत होत्या. पण ती खुर्चीवरून हलली नाही, म्हणून मग कोणीच हललं नाही.