वर चढवलेला वेल

जिंतूरच्या बसची वाट पाहत एक तरुण रोज सकाळी माझ्या कुंपणाच्या भिंतीशी उभा राहायचा. कोवळ्या उन्हात, भिंतीवरून बाहेर लोंबणारा दोडक्याचा वेल तो झोपलेल्या लेकराचा हात उचलावा तसा अलगद उचलायचा आणि कडुलिंबाच्या फांदीवर सारायचा. त्याच दिवसांत माझे दोडके दिसेनासे झाले.

“काय पाव्हणं, आज भाजीला किती?” एकदा मी टोमणा मारला.

“भाजीला न्हाई काका,” तो हसला. “खाली लोंबला की शेरडं खातेत. वरी चढवायलोय.”

मला पटलं नाही. गल्लीभर मी त्याला दोडकेचोर केलं. मग तो रस्त्याच्या पलीकडे उभा राहू लागला आणि पुढे दिसलाच नाही.

थंडीत वेल वाळला, पानं झडली. एका सकाळी वाऱ्यात डोक्यावर काहीतरी खुळखुळलं. वयानं आखडलेली मान कशीबशी वर केली, तर कडुलिंबात माझे सगळे दोडके वाळून लोंबत होते.

गल्लीत अजून त्याला चोरच म्हणतात. तो चोर नव्हता. त्याच दोडक्यांच्या बियांचा वेल यंदा भिंतीवर आलाय. बसच्या वेळेला मी तो अलगद उचलून धरतो. फांदीपर्यंत माझा हात पोचत नाही.