बिजागरीला तेल

झरीकडच्या फाट्यावर मी बसची वाट बघतो, तिथं समोरच जुन्या जागीरदाराची गढी आहे. आता तिच्यात अंगणवाडी भरते. मोठा दरवाजा कधीचा गंजून बसलाय. त्यातल्या बुटक्या दिंडीतून मोठ्या माणसाला वाकूनच आत जावं लागतं. एक म्हातारा रोज नातीला सोडतो आणि त्या गंजक्या बिजागऱ्यांत बाटलीतलं तेल सोडत बसतो.

"कशाला हा उद्योग?" मी एकदा वैतागून विचारलं.

"माझ्या आज्याला वेठीला धरून ही गढी बांधली, साहेब. आमच्या माना वाकाव्यात म्हून दिंडी मुद्दाम बुटकी ठिवली."

तेवढ्यात नात ताठ मानेनं दिंडीतून आत गेली.

"आज मावायलीय. उंच व्हायच्या आत मोठा दरवाजा उघडला पायजे."

आता बस येईपर्यंत मीही दरवाजाला खांदा लावतो. काल तो कुरकुरला.